उलगडा बाकी

एकोणसत्तरचा मार्च, कुओपिओ.
शाळेचं तळघर, भिंतीला ओले लोकरी कोट,
माझ्या गळ्यात हिरव्या दोरीचं स्टॉपवॉच.
मी बावीस वर्षांची. मला पगार होता
खोटं बोलण्याचा, तोही तासाच्या हिशोबानं.

लाकडी पाटीवर चाळीस भोकं, चाळीस खुंट्या.
पोरांनी त्या बसवायच्या, मी वेळ मोजायची,
मग चिठ्ठी उघडायची. चिठ्ठीत असे
‘छान’, नाहीतर ‘मंद’.
खुंट्यांचा नि चिठ्ठीचा काही संबंध नव्हता.
संबंध नसणं हीच तर पद्धत होती.

"तुझे हात मंद आहेत रे," असं म्हणायचं,
आवाज न चढवता, न पाडता,
आणि बघायचं,
पोरगं पाटी पुन्हा जवळ ओढतं का.

शेवटी उलगडा. तसं ठरलेलंच होतं.
प्रत्येकाला शेजारी बसवून सांगायचं, ते खरं नव्हतं,
आणि हातावर मूठभर मनुका.

क्रमांक तेवीस. ओइवा. नऊ वर्षांचा.
अडतीस सेकंद.
त्या अख्ख्या हिवाळ्यात कुणाचेच हात
त्याच्याइतके चालले नाहीत.
चिठ्ठी निघाली: मंद.
त्यानं पाटी परत ओढली नाही.
तेवढ्यात दारात चुलता,
बाहेर बर्फात ट्रॅक्टर चालूच ठेवून आलेला. म्हणाला, चल.
कोट उलटा चढवून पोरगं गेलं.
मनुका माझ्या मुठीत.

तक्त्यात त्याची ओळ पूर्ण होती,
म्हणून कुणालाच काही राहिल्यासारखं वाटलं नाही.
प्राध्यापक सारकोला बोट आकड्यांवरून खाली नेत म्हणाले,
पाच टक्क्यांच्या आत. देखणं आहे, इर्या, देखणं.
निबंध छापून आला. आभारात माझं नाव,
एक अक्षर चुकून.

पुढे मीच एकोणीस वर्षं नीतिसमितीवर बसले.
दुसऱ्यांच्या अर्जांवर लाल शाईनं विचारत राहिले,
उलगडा कधी? कोण करणार? कुठल्या शब्दांत?
तरुण पोरं वैतागायची. त्यांना वाटे, म्हातारी खडूस आहे.

निवृत्त झाल्यावर तो सापडला.
काल्लावेसीच्या काठी, होडीच्या छपराखाली
जाळं विणत बसलेला.
एक गाठ, चौदा सेकंद.
(सवय. दुसरं काय.)
मंद? वयानं? थंडीनं? की माझ्यानं?
एका माणसाला नियंत्रण गट नसतो.
ज्याला ‘छान’ म्हटलं होतं तो दुसरा ओइवा
मी कुठल्या तळ्याच्या काठी शोधू?

त्याला काहीच आठवेना. तळघर? असेल.
मनुका? मला नाही मिळाल्या.
मी म्हटलं, तेव्हाच सांगायची एक गोष्ट
राहून गेली आहे. सांगू का?

त्यानं गाठ पुरी केली.
"चांगली आहे की वाईट?"
"खरी आहे."
"मग ती कुणाला हवी आहे, मला की तुम्हाला?"

एकोणीस वर्षांत कुठल्याच अर्जावर
मी हे विचारलं नव्हतं.

"मग नको," तो म्हणाला.
रागानं नाही. दुसरा कप कॉफी नको म्हणावं, तसं.
आणि धुरावलेले मुइक्कू वर्तमानपत्रात गुंडाळून दिले,
सुतळीची गाठ मारली
इतक्या झटकन की मला मोजताच आली नाही.

गाडीत जुनी वही उघडली.
शेवटच्या रकान्यात, सेहेचाळीस वर्षं कोऱ्या,
पेन्सिलीनं लिहिलं:
विचारलं. नको म्हणाला.

त्याला काही विचारलं गेलं, ते पहिल्यांदाच.

घर येईपर्यंत खिडकी उघडी ठेवली.
माशांचा वास वहीला लागला तो लागलाच.